वाटेवरची कोंबडी

मुरुडच्या कोळीवाड्यात राहीच्या घराण्याची एक रीत होती. घरातला माणूस समुद्रात गेला आणि त्याचे प्रेत हाती लागले नाही, तर बातमी येईल त्या क्षणी उंबरठ्याजवळ जी कोंबडी असेल ती धरायची, जाळ्याच्या सुताचा तुकडा तिच्या पायात बांधायचा आणि तिला ‘वाटेवरची’ म्हणायचे. त्या दिवसापासून तिला कापायचे नाही, विकायचे नाही. तिने अंडे घातलेच तर ते ओहोटीच्या पाण्यात सोडायचे. ती जिवंत आहे तोवर गेलेला माणूस गेला असे म्हणायचे नाही. त्याची बायको कुंकू लावी, बांगड्या भरी आणि वाट पाही. कोंबडी आपल्या मरणाने मेली, की मगच दर्भाचा पुतळा जाळून त्याचे दिवस घालायचे, आणि बायकोचे पुढे काय व्हायचे ते ठरवायचे.

रीतीला आणखी एक अट होती. वाटेवरचीच्या दृष्टीस दुसरी कोंबडी किंवा कोंबडा पडू द्यायचा नाही. वाट पाहणाऱ्याचे मन दुसरीकडे गुंतू नये, हा त्यामागचा विचार. अशी कोंबडी सहसा वर्ष काढत नसे. “त्यानं तिला बोलावून न्हेलं,” असे लोक म्हणत. पण हे बोलावणे नेहमी वर्षाच्या आतच का येते, याचा विचार करावा असे कोणाला वाटले नव्हते.

१९३२ सालच्या कार्तिकात कांसा किल्ल्याच्या पलीकडे वादळात एक होडी उलटली. भिकू तांडेल आणि दुसरे दोघे खडकाला लागले. राहीचा एकुलता एक मुलगा चंदर लागला नाही. भिकू ओल्या अंगाने दारात येऊन उभा राहिला, तेव्हा उंबरठ्यावर एक तांबडी कोंबडी जवळ्याचा चुरा टिपत होती. राही रडली नाही. तिने आधी कोंबडी धरली.

त्याच संध्याकाळी घरातल्या बाकीच्या कोंबड्या टोपलीत घालून चंदरची बायको केसर त्या वाडीच्या दुसऱ्या टोकाला देऊन आली. परत येताना दूरवरूनच तिला तांबडीचा आवाज ऐकू आला. कोंबडी अंडे घालून ओरडते तसा तो नव्हता, घार पाहून ओरडते तसाही नव्हता. एक लांब, वर चढत जाणारा सूर, मग थोडे थांबणे, आणि पुन्हा तोच सूर. थांबण्याच्या त्या जागेत उत्तर यायला हवे होते.

“ऐकतेस ना?” राही म्हणाली. “त्याला हाक मारते.”

तिने कोंबडीला मांडीवर घेऊन तिच्या तुऱ्याकडे बोट दाखवले. तुऱ्याला डाव्या बाजूस एक खोल खाच होती. लहानपणी चंदरच्या डाव्या कानाला गळ लागून पाळी फाटली होती.

“हितंच ना गो? नेमकी हितंच.”

केसरने पाहिले. खाच नेमकी तिथेच होती.

*

पौष उजाडेपर्यंत घरात चंदर परत येऊन राहिल्यासारखे झाले होते. तो ज्या मेढीला पाठ टेकून जाळे विणत बसे, त्या मेढीच्या बुडाशी कोंबडी दुपारभर बसू लागली. दिवेलागणीला होड्या परतत, त्या वेळी ती समुद्राकडच्या दारात उभी राहून तो लांब सूर काढी. राही चुलीपासून “व्हय रं बाला, आले” म्हणून उत्तर देई. त्यानंतर कोंबडी गप्प होई. या नेमात एक दिवस खंड पडला नाही.

केसरला सर्वांत जास्त भय वाटे ते घंगाळाचे. मोरीजवळ पाण्याने भरलेले तांब्याचे घंगाळ असे. कोंबडी त्याच्या काठावर चढे आणि पाण्यात पाहून फार हळू, घशातल्या घशात काहीतरी बोले. मग मान तिरकी करून ऐके. मग पुन्हा बोले. माणसे अंथरुणाला पाठ टेकल्यावर बोलतात तसे.

“पाण्यात हाय तो,” राही कुजबुजे. “पाण्यातनं बोलतो. आपल्याला ऐकू येत न्हाय, तिला येतं.”

एकदा राही घरात नसताना केसर घंगाळाशी गेली आणि कोंबडीच्या मागून वाकली. पाण्यात कोंबडी होती, आणि तिच्यावर कुंकू लावलेला एक चेहरा. तो आपलाच आहे हे समजायला तिला क्षणभर वेळ लागला. पाणी हलले. कोंबडीने मान वळवून एका डोळ्याने तिच्याकडे पाहिले आणि ती बोलायची थांबली. चोरून ऐकणारे कोणी आल्यावर थांबावे तशी.

माघात कोंबडीने दाणा सोडला. आधी भात, मग नाचणी, मग जवळाही. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहू लागली आणि स्वतःच्या छातीची पिसे उपटू लागली. पिसांखालची कातडी उघडी पडली. पांढुरकी, सुरकुतलेली, मध्ये मध्ये निळसर डाग असलेली. पाण्यात फार दिवस राहिलेले अंग कसे दिसते हे कोळीवाड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. रोज सकाळी थोडी आणखी कातडी दिसे. चंदरचे न सापडलेले शरीर असे तुकड्यातुकड्याने घरी येत आहे, असे केसरला वाटू लागले. आणि ते सगळे येऊन झाल्यावर काय, हा विचार तिला पुढे करवेना.

कोंबडीने दाणा सोडला तशी राहीनेही भाकरी सोडली. “तिनं टिपला का मी खाईन,” एवढेच ती म्हणे. तिचे गाल बसले. पेजेचा वाटा केसर तिच्यापुढे ठेवी. संध्याकाळी पेजेवर साय धरलेली असे.

वाळवणावर बायका बोंबील बांबूच्या काठ्यांवर अडकवत असत. तिथे दुःखाचीही थट्टा होई.

“काय गो केसरे, तुझ्या दादल्यानं आज किती दाणं टिपलं?” राहीच्याच भावकीतली रंगू म्हणाली.

“कालच्याइतकंच. तुझा किती प्याला?”

बायका हसल्या. रंगूही हसली, मग तिने बोंबील खाली ठेवून आवाज उतरवला.

“वाईट वाटून घेऊ नको. पण शिमग्यापातुर टिकत न्हाय ती. माझ्या आजेसासूच्या वक्ताला बी असंच झालं. छाती उघडी पडली का बोलावणं आलं म्हणायचं.”

हे भिकू तांडेलाच्याही कानावर होते. तो बायको वारलेला, पस्तिशीचा, कमी बोलणारा माणूस. होडी उलटली तेव्हा त्याने चंदरपुढे वल्हे धरले होते. चंदरची बोटे वल्ह्याला लागली आणि सुटली. त्यानंतर तो केसरशी बोलताना आपल्या हाताकडेच पाही. त्या संध्याकाळी त्याने तिला किनाऱ्यावर गाठले.

“राहीआक्काला कसं हाय?”

“खात न्हाय.”

“आणि... ती?”

“ती बी न्हाय.”

भिकूने वाळूत पाय फिरवला. “मी कायबी बोललो न्हाय. बोलणार बी न्हाय. दिवस होऊ दे. मंग येसाजी पाटलाला घेऊन रीतीनं दारात येईन. पाट लावायला तुजी ना असली तर परत फिरीन.”

“माजी ना न्हाय,” केसर म्हणाली, आणि आपण काय बोललो हे ऐकून तिने पदर तोंडावर घेतला. दाराकडून तो लांब सूर येत होता. आता तो फार बारीक झाला होता, आणि उत्तर देणारीचा आवाज त्याहून बारीक.

*

केसरची मावशी सोनूबाई नांदगावला राहत असे. तिच्या परड्यात पंचवीस-तीस कोंबड्या असत आणि मुरुडच्या बाजारात ती अंडी विकी. माघ संपता संपता ती भाचीला पाहायला आली. रीत पाळणारी माणसे म्हणून तिने दारात काही विचारले नाही. राही पडून होती. कोंबडी भिंतीशी उभी होती. सोनूबाईने कोंबडी उचलली, पापणी उलटून पाहिली, चोचीचा वास घेतला, पोटाखाली बोटे फिरवली. मग केसरला ती परड्यात घेऊन गेली.

“हिला रोग न्हाय.”

“मंग?”

“एकटी हाय.”

केसरला ते समजले नाही. एकटे तर सगळेच घर होते.

“हे बघ,” सोनूबाई म्हणाली, “चार कोंबड्या दाणं टिपतात तवा एकीची मान वर असती. बघितलंस कधी? घार हाय का, मांजर हाय का, ती बघती. मंग दुसरी वर करती, पहिली खाली घालती. नजर वाटून घेतात. एकटीला कोण? तिला सारखी मान वर ठेवायला लागती. ती खाणार कवा? झोपणार कवा? रात्री एकीच्या अंगाला एक चिकटली का ऊब. हिच्या अंगाला भित. दुसरीनं चोच मारलेली बघितली का हिला भूक लागती. हिनं कुणाची चोच बघायची, तुजी?”

“ती पाण्यात बघून बोलती, मावशे. आये म्हणती...”

“पाण्यात तिला दुसरी कोंबडी दिसती गो. तिच्याशी बोलती. ती उत्तर देत न्हाय, म्हणून आणिक बोलती. मी एकदा आजारी कोंबडीफुडं आरसा ठेवला व्हता. दोन दिवस नाचली. मंग कळलं तिला. कळल्यावर मेली.”

वाऱ्याने नारळीची झावळी हलली आणि दोघींवर सावली फिरली. केसरने विचारले, “सोबत मिळाली तर किती जगल?”

“म्हातारी कुठं हाय ती? दोन वर्साची. आणिक चार-पाच वर्सं सहज काढील. माजी एक दहा वर्साची व्हती.”

बोलून झाल्यावर सोनूबाईला आपण काय सांगितले ते उमगले. तिने भाचीच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे पाहिले. “तुला कुणी जाब इचारणार न्हाय,” ती म्हणाली. “मी आले नव्हते, काय बोलले नव्हते. रीत हाय तशी चालू दे. तुजी फकस्त महिन्याभराची कळ हाय.”

आतून राहीचा आवाज आला. “केसरे, तिला वाऱ्यात ठेवू नको. त्याला खोकला व्हतो.”

केसर उभी राहिली. या घरातली वाट नेहमी वर्षाच्या आत का संपते, ते आता तिला कळले होते. वाट पाहणाऱ्या कोंबडीला कोणी बोलावत नव्हते. रीतच तिला एकटी ठेवून मारीत होती. आणि या वेळी कोंबडीबरोबर आणखी एक जीव जाणार होता.

“दोन पोरसवदा कोंबड्या दे मला,” ती म्हणाली. “तांबड्याच दे.”

सोनूबाईही उठली. “दोन्ही घेशील ना? एक न्हेऊ नको. एकटीला ही टोचून मारील. दोन असल्या का राग वाटला जातो.”

*

केसर नांदगावहून डाल डोक्यावर घेऊन परतली तेव्हा राही भिंतीला धरून उठून बसली. वेताच्या त्या मोठ्या टोपलीतून दोन कोवळे आवाज येत होते. भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या वाटेवरचीने मान वळवली. कित्येक दिवसांनी वळवली.

“भायेर ने,” राही म्हणाली. “आदी भायेर ने ते. माज्या पोराची वाट मोडतेस?”

“वाट बघणारी मेली तर बघणार कोण, आये?”

“तिला दुसऱ्याची सोबत चालत न्हाय. माज्या दादल्याच्या वक्ताला मी कुणाची सावली पडू दिली न्हाय.”

“आणि किती जगली ती?”

पुढच्या नारळी पौर्णिमेच्या आत संपली होती ती. राहीच्या हातांत, पिसाइतकी हलकी होऊन.

केसरने डाल मेढीजवळ पालथी घातली. राही तिच्याकडे पाहत राहिली. भूक आणि दुःख यांनी तिचे शरीर खाल्ले होते, डोक्याला हात लावला नव्हता.

“केसरे, ही जगली तर तू अशीच ऱ्हाशील. वर्सानुवर्सं. ठाव हाय ना?”

“ठाव हाय.”

“भिकूला ठाव हाय?”

केसरचे हात डालीवरच थांबले.

“मी आंधळी न्हाय,” राही म्हणाली, आणि कूस बदलून तिने भिंतीकडे तोंड केले. तिने होकार दिला नाही. बाहेर नेण्यासही पुन्हा सांगितले नाही.

पहिल्या दिवशी वाटेवरची डालीवर धावून गेली. मानेची पिसे फुलवून तिने वेतावर चोची मारल्या. केसरने सोनूबाईने सांगितल्याप्रमाणे डालीच्या आत आणि बाहेर, कडेला लागून, नाचणी टाकली. आतल्या दोघी टिपू लागल्या. तांबडीने चोच मारायची थांबवली. तिने आतली एक चोच खाली गेलेली पाहिली. मान तिरकी केली. पुन्हा पाहिली. मग वेताच्या अलीकडचा एक दाणा तिने उचलला.

“आये,” केसर हलकेच म्हणाली.

राही वळली नव्हती. पण ती कान देऊन होती. तिला चोचीचा जमिनीवरचा आवाज ऐकू आला असावा. थोड्या वेळाने तिने वाडगा मागितला आणि सायीसकट पेज प्याली.

त्या संध्याकाळी होड्या परतल्या तेव्हा तांबडी दारात गेली नाही. ती डालीला अंग लावून बसली होती, आणि आतून एक कोवळी कोंबडी वेताच्या फटीशी बसली होती. दाराची चौकट मोकळी राहिली. त्या मोकळ्या चौकटीकडे दोघी सासवासुना पाहत राहिल्या. हाक आली नाही, तेव्हा राहीने तरीही उत्तर दिले.

“व्हय रं बाला. आले.”

समुद्राकडून काही आले नाही. केसरला वाटले, हे त्या लांब सुरापेक्षा वाईट आहे.

*

फाल्गुनात तिघींना दिवेलागणीला एकाच खुराड्यात घातले. सकाळी त्या एकत्र बाहेर आल्या. तांबडीने दोघींना एकेक टोच मारून आपले थोरलेपण सांगितले आणि प्रकरण मिटले. शिमग्याची होळी पेटली, विझली. कोंबडी जिवंत राहिली. वाडीत आश्चर्य झाले. येसाजी पाटील येऊन पाहून गेला. “पायात सूत हाय तवर वाट हाय,” एवढे बोलून तो निघाला. भिकू तांडेल दुरून जाई, थांबत नसे. एकदा वाळवणावर रंगू बोलायला गेली, “काय गो, तुझा दादला तर...” आणि केसरचा चेहरा पाहून तिने वाक्य गिळले.

राही वाळवणावर येऊन बसू लागली. पण घरात तिचे डोळे तांबडीमागे फिरत. कोंबडी आता मेढीशी बसत नव्हती. घंगाळावर चढत नव्हती. तिघी परड्यात माती उकरत, धुळीत लोळत, एक मान वर आणि दोन खाली. राही तिला मांडीवर घेऊन त्याच्या नावाने बोलू पाही, तर ती पायांनी ढकलून खाली उडी मारी आणि आपल्या दोघींकडे धावे.

“माज्याकडं येत न्हाय आताशा,” राही म्हणे. एकदा म्हणाली, “बोलायचा थांबला.”

घर रिकामे होत चालले होते. मेढीच्या बुडाशी कोणी नव्हते, पाण्यात कोणी नव्हते. पूर्वी जिथे पाऊल टाकायला भय वाटे त्या जागा आता नुसत्या जागा होत्या, आणि तिथून जाताना तिला रडू येई.

वैशाखात तांबडीची छाती नव्या पिसांनी भरली. पाठमोऱ्या तिघी सारख्याच दिसत. एके दिवशी संध्याकाळच्या आधी केसर परडे झाडत असताना तिला काट्यांच्या कुंपणाला अडकलेला सुताचा तुकडा सापडला. माती उकरताना कधीतरी तो पायातून तुटून गेला होता. तिने तो मुठीत धरला. मागे राही उभी होती.

“दाव,” राही म्हणाली.

केसरने मूठ उघडली. खोटे बोलायची तिची तयारी नव्हती. पुन्हा बांधायला तिने वाकून तांबडीला हाक दिली. तिघी दाण्याच्या आशेने धावत आल्या आणि दोघींच्या पायांशी उभ्या राहिल्या.

“थांब,” राही म्हणाली. “मी बांधते. माजा पोर हाय.”

ती खाली बसली. तिने एकेकीला उचलून उन्हाकडे धरले. पहिली. मग दुसरी. तिसरीला तिने जरा जास्त वेळ धरले. उतरत्या उन्हात तिचा तुरा लाल दिसत होता आणि डाव्या बाजूच्या खाचेतून उजेडाची एक बारीक तिरीप राहीच्या गालावर पडली होती. राहीने त्या खाचेवरून अंगठा फिरवला. एकदा, सावकाश, फाटलेल्या कानाच्या पाळीवरून फिरवावा तसा.

मग तिने कोंबडी खाली सोडली.

“वळखू येत न्हाय,” ती म्हणाली.

दूर समुद्रात कललेल्या शिडावरून कोणाची होडी ते ही बाई किनाऱ्यावर बसून सांगत असे.

“आये, ती...”

“म्हातारी झाले. डोळं गेलं माजं. कुठची वाटेवरची, कुठची नांदगावची, कायबी कळत न्हाय.” तिने केसरच्या तळहातावरून सूत उचलले आणि आपल्या पदराच्या गाठीत बांधले. “वाटेवरची कुठची तेच ठाव न्हाय, तर वाट कोण बघतंय? उद्या येसाजीला सांगावा धाड. दर्भ आण म्हणावं.”

केसर तिथेच खाली बसली आणि तिने सासूच्या मांडीवर डोके ठेवले. राहीचा हात तिच्या केसांवरून फिरत खाली आला, मनगटावर थांबला, एकेक बांगडी चाचपत राहिला.

“ह्या मी उतरीन,” ती म्हणाली. “फोडू देणार न्हाय कुणाला. आणि जिथं जाशील तिथनं येत जा. मला बी एकटीला ठेवू नको.”

होड्या परतत होत्या. दोन कोंबड्या खुराड्यात शिरल्या. तिसरी समुद्राकडच्या दारापर्यंत चालत गेली आणि चौकटीत, आपल्या जुन्या जागी, मान उंच करून उभी राहिली. कोंबडीने घशातल्या घशात काहीतरी केले. सूर झाला नाही. बाहेर अंधारत होते आणि पाणी किनाऱ्याला लागून मागे जात होते.

खुराड्यातून एक कोवळी हाक आली. तांबडीने मान वळवली, उत्तर दिले आणि खुराड्यात शिरली. राहीने उठून दाराला कडी घातली.